जुगाराच्या ॲपपायी झालेलं बँकेचं कर्ज : भांडायचं कुठे आणि भरायचं कुठे

कार्डाचं स्टेटमेंट येतं, खाली १,८०,००० चा आकडा असतो आणि वरच्या निम्म्या नोंदी घरात कुणालाच कळत नाहीत. 'अमुक ट्रेडर्स', 'तमुक एंटरप्रायजेस', मध्येच परदेशी चलनातली एखादी नोंद. मुलगा आधी गप्प, मग म्हणतो, "काही माझ्या आहेत, काही नाहीत." मग घरातल्या सगळ्यांना एकदम एकाच माणसाची आठवण होते.

इंदूरच्या रामबागेत काय, लोकमान्य नगरात काय किंवा सुदामा नगरात काय, मराठी कुटुंबात स्टेट बँक ऑफ इंदूरमधून निवृत्त झालेले एखादे काका असतातच. ती बँक २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, पण काकांच्या ओळखी अजून विलीन झालेल्या नाहीत. ते फोन लावतात. मॅनेजर अदबीने बोलतो, चहा पाजतो, "देखते हैं, दादा" म्हणतो. चार दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा "देखते हैं". काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढल्यामुळे मला हे ठाऊक आहे की कार्डाच्या वादात शाखेच्या मॅनेजरच्या हातात जवळजवळ काहीच नसतं. तो मनापासून बोलत असला तरीही. आणि या चार दिवसांत तुमची सर्वांत मोलाची मुदत निघून जाते.

म्हणून काकांना जरूर सांगा, पण त्याआधी तक्रारीचा नंबर मिळवा.

पहिल्या दिवशी करायची कामं

कार्ड ॲपमधून ब्लॉक करा. निदान ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहाराची बटणं तरी बंद करा. ही बटणं ग्राहकाच्या हातात देणं २०२० पासून बँकांना बंधनकारक आहे, तरी निम्म्या लोकांनी ती कधी उघडून पाहिलेली नसतात. मग यूपीआय ॲपमध्ये जाऊन 'ऑटोपे'ची यादी बघा. बेटिंगच्या ॲपने किंवा त्याच्या आड उभ्या असलेल्या कुठल्या कंपनीने तिथे कायमची परवानगी घेऊन ठेवली असेल तर ती रद्द करा. नुसतं ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे परवानगी रद्द होत नाही.

त्यानंतर १९३० ला फोन. हा देशभराचा सायबर आर्थिक फसवणुकीचा नंबर आहे. फोन लावण्याआधी एका कागदावर बँकेचं नाव, खातं किंवा कार्डाचे शेवटचे चार आकडे, व्यवहाराची तारीख-वेळ, रक्कम आणि यूपीआय असेल तर बारा आकडी यूटीआर (त्या व्यवहाराचा ओळख) क्रमांक लिहून घ्या. तिकडून हेच विचारतात आणि ते शोधण्यात वेळ गेला तर तेवढ्यात पैसा पुढच्या खात्यात सरकतो. तक्रार नोंदली की पावतीचा क्रमांक येतो. तो घेऊन सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर उरलेला तपशील भरा.

त्याच दिवशी बँकेच्या कस्टमर केअरला फोन आणि पाठोपाठ ईमेल. फोनवर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तो ईमेलमध्ये टाका. नुसता फोन पुरत नाही. पुढे तीन महिन्यांनी "आपने कॉल ही नहीं किया" असं ऐकायची वेळ आली तर हातात कागद हवा.

आता स्टेटमेंट घेऊन बसा

हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळं प्रकरण इथेच ठरतं. स्टेटमेंट छापून घ्या आणि ज्याचं कार्ड आहे त्याला शेजारी बसवा. ओरडायचं नाही, कारण ओरडलात की तो सरसकट "माझ्या नाहीत" म्हणणार. एकेका नोंदीसमोर खूण करायची. खुणा तीनच.

पहिली खूण : हा व्यवहार मी केलाच नाही. ओटीपी दिला नाही, पिन दिला नाही, त्या वेळी फोन हातात नव्हता. दुसरी खूण : पैसे मीच भरले, पण फसवणूक झाली. जिंकलेली रक्कम काढू दिली नाही, "आधी टॅक्स भरा मग पैसे सुटतील" म्हणून आणखी घेतले, खेळायची आयडी (लॉगिन) बंद करून टाकली. तिसरी खूण : मीच खेळलो, हरलो.

समजा १,८०,००० पैकी १२,००० पहिल्या खुणेचे निघाले, ६३,००० दुसऱ्या आणि उरलेले १,०५,००० तिसऱ्या. हे तीन आकडे तीन वेगळ्या दारांनी जातात. माझं ठाम मत आहे की लोक हरतात ते कायद्यामुळे नाही, सगळं पहिल्याच दारातून ढकलायला जातात म्हणून. बँकेकडे ओटीपी कधी गेला, कोणत्या फोनवरून टाकला, आयपी पत्ता कुठला, हे सगळं असतं. १,०५,००० बद्दल केलेला खोटा दावा उघडा पडला की १२,००० बद्दलच्या खऱ्या दाव्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय पोलिसात खोटी तक्रार देणं हा गुन्हा आहे.

नोंदींमधली नावं पाहून गोंधळू नका. बेकायदा बेटिंगवाले स्वतःच्या नावावर पैसे घेत नाहीत. यूपीआयने भरलेले पैसे कुठल्या तरी किराणा दुकानाच्या, कपड्याच्या दुकानाच्या किंवा एखाद्या साध्या माणसाच्या भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात. दर दोन दिवसांनी क्यूआर बदलतो. म्हणून ॲपच्या आतली पैसे भरल्याची पानं, आयडी देणाऱ्या खाईवालाशी (सट्टा घेणाऱ्याशी) झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, टेलिग्रामवर आलेला क्यूआर, या सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढा. शरमेपोटी पोरं सर्वांत आधी चॅट उडवतात, आणि पुरावा नेमका तिथेच असतो.

पहिली खूण : न केलेला व्यवहार

इथे ग्राहकाची बाजू चांगली भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जी चौकट घातली तिचा गाभा असा : चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित : साध्या बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या मर्यादेच्या कार्डाला २५,०००. सात दिवस उलटले की बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागतं. ते धोरण बँकेच्या वेबसाइटवर असतं. तक्रार लिहिण्याआधी आजच्या तारखेला लागू असलेलं धोरण उतरवून घ्या आणि त्यातलाच मुद्दा पत्रात टाका.

दिवस मोजताना संदेश आला तो दिवस धरायचा नाही आणि सुट्ट्याही धरायच्या नाहीत. शनिवारी रात्री झालेल्या व्यवहाराबद्दल "तीन दिवस झाले, आता काय उपयोग" म्हणून बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची मुदत अजून शिल्लक होती.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यावर जमा दाखवायची असते, आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. क्रेडिट कार्ड असेल तर मधल्या काळात त्या रकमेवर व्याजाचा बोजा पडता कामा नये. आणि ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते. हे वाक्य पत्रात आवर्जून लिहा, कारण पलीकडचा माणूस बहुतेक वेळा उलटं बोलतो.

अडचण कुठे येते तेही सांगतो. ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर तो निष्काळजीपणा धरतात आणि कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं मात्र बँकेचं. म्हणजे चूक तुमची असली तरी कळवण्याची घाई फायद्याचीच. दुसरं, धाकट्या भावाने दादाचा फोन घेऊन, त्याचा पिन माहीत असल्यामुळे खेळ केला, तर बँक त्याला तिऱ्हाइताची चोरी मानत नाही. असं प्रकरण घरातच मिटवावं लागतं.

दुसरी खूण : भरले आपणच, पण फसलो

इथे कार्ड असेल तर चार्जबॅक हा मार्ग आहे. कार्डाच्या नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे) नियमांप्रमाणे बँक व्यापाऱ्याच्या बँकेकडून पैसे परत मागते. मुदत साधारण १२० दिवसांची असते, कारणाप्रमाणे ती बदलते. पण ओटीपी टाकून झालेल्या व्यवहारात "मी केला नाही" या कारणाने चार्जबॅक सहसा टिकत नाही. "सेवा दिली नाही, रक्कम काढू दिली नाही" हे कारण निवडावं लागतं, आणि पुराव्यासाठी ॲपमधली शिल्लक आणि नाकारलेली मागणी दिसणारा स्क्रीनशॉट लागतो. बँकेच्या फॉर्मवर चुकीच्या कारणावर टिक केली म्हणून कित्येक दावे पहिल्याच फेरीत बाद होतात. फॉर्म भरताना घाई नको.

आशा किती ठेवायची? कमीच. जुगाराच्या व्यवहारात पैसे खेळाच्या खात्यात पोचले, म्हणजे सेवा मिळाली, असं समोरचा म्हणतो. पण व्यापाऱ्याने स्वतःला 'कपड्यांचं दुकान' म्हणून नोंदवून घेतलं असेल तर पारडं थोडं तुमच्याकडे झुकतं. कार्डाच्या जगात बेटिंगला ७९९५ हा वेगळा कोड आहे. व्यवहार कोणत्या कोडखाली झाला, ही माहिती बँकेकडे लेखी मागा.

यूपीआयने गेलेल्या पैशाला चार्जबॅकची अशी आशा नाही. तिथे १९३० ची तक्रार आणि पोलीस, एवढाच खरा रस्ता. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडकवून ठेवता येते आणि पुढे कोर्टाच्या आदेशाने ती परत मिळू शकते. थान्यात (पोलीस ठाण्यात) जाताना अर्ज हिंदीत, टाइप केलेला, दोन प्रतींत न्या. एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर एफआयआर हवा असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

"तक्रार केली तर आपल्यालाच धरतील" ही भीती घरोघरी असते. ऑनलाइन पैशाचे खेळ बंद करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाची वाट करून देणाऱ्याला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण मुलाने कमिशनवर इतरांना आयडी वाटल्या असतील किंवा आपलं खातं 'भाड्याने' दिलं असेल, तर तो नुसता खेळणारा राहत नाही. अशा वेळी आधी वकील, मग थाना. तसंच परदेशी साइटवर कार्डाने पैसे पाठवले असतील तर परकीय चलनाच्या नियमांचा प्रश्न येतो. पत्रात त्याबद्दल काही लिहिण्याआधी वकिलाला दाखवा.

याच टप्प्यावर आणखी एक विचित्र गोष्ट घडते : तुमचंच खातं गोठतं. ॲपने कधीतरी जिंकलेले चार हजार पाठवलेले असतात. ते आलेले असतात कुणा तिसऱ्याच फसवल्या गेलेल्या माणसाच्या पैशातून, आणि तेलंगणा किंवा केरळचे सायबर पोलीस त्या साखळीतली सगळी खाती थांबवतात. एटीएम चालत नाही, पगार अडकतो, ईएमआय परत जातो. बँकेकडे लेखी तीन गोष्टी मागा : तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्याचं कोणतं थानं, आणि किती रक्कम अडवली आहे. मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा, खात्याचा उतारा जोडा, आणि वादातली तेवढीच रक्कम अडवून बाकीचं खातं मोकळं करावं, अशी विनंती करा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ इंदूरातच आहे.

"जुगाराचं कर्ज फेडावं लागत नाही"

हे वाक्य सराफ्यातल्या रात्रीच्या गप्पांपासून वकिलांच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्याला आधार आहे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० चा. पैजेचा करार रद्दबातल असतो आणि पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. बरोबर. म्हणून खाईवाल तुमच्यावर दावा लावू शकत नाही, आणि त्याच कारणाने तुम्हीही त्याच्याकडून जिंकलेली रक्कम कोर्टातून मागू शकत नाही. बँकेने मात्र तुमच्याशी पैज लावलेली नाही. तिने उधारी दिली, ती तुम्ही कुठे उडवली याच्याशी तिला देणंघेणं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की पैजेचा करार रद्दबातल असला तरी त्याला जोडून झालेला दुसरा करार त्या कारणाने बुडत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा एक वेगळा कायदा आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचा सल्ला कधी वेगळा येतो. तो कायदा इथला, म्हणजे मध्य प्रदेशातला नाही, आणि बँकेच्या साध्या कार्डाच्या बाबतीत तिथेही उपयोगाचा नाही.

म्हणजे तिसऱ्या खुणेची रक्कम फेडायचीच आहे. प्रश्न उरतो तो कशी, एवढाच.

पत्र कसं लिहायचं

एकाच ईमेलात सगळं रडगाणं नको. मी लिहीन ते साधारण असं :

"माझ्या कार्डावर (शेवटचे आकडे अमुक) तमुक तारखेच्या स्टेटमेंटमधील सोबतच्या तक्ता 'अ' मधील तीन व्यवहार, एकूण रु. १२,०००, मी केलेले नाहीत. ते मी या तारखेला, या वेळी, या तक्रार क्रमांकाने कळवले आहेत. तक्ता 'ब' मधील व्यवहार, एकूण रु. ६३,०००, यांवर मी सेवा न मिळाल्याच्या कारणाने चार्जबॅक मागत आहे, पुरावा जोडला आहे. या दोन्ही रकमा वगळून उरलेली बाकी मी भरत आहे. वाद मिटेपर्यंत तक्ता 'अ' वर व्याज व दंड लावू नये आणि वादग्रस्त रक्कम थकबाकी म्हणून क्रेडिट ब्युरोला कळवू नये. ओटीपी केव्हा, कोणत्या क्रमांकावर गेला व कोणत्या उपकरणावरून व्यवहार झाला याची नोंद द्यावी."

यात तिसऱ्या खुणेबद्दल फुकटचा कबुलीजबाब नाही आणि खोटंही नाही. "वगळून" हा शब्द मुद्दाम आहे, कारण सगळ्या बाकीची सरसकट लेखी कबुली दिली की पुढे वाद घालायला जागा उरत नाही. कार्डाच्या तक्रारीवर बँकेने ३० दिवसांत कागदपत्रांसह खुलासा करायचा असतो.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पोर्टल सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, माहितीसाठी फोन १४४४८. फी नाही, वकील लागत नाही. पण बँकेकडे आधी तक्रार न करता गेलात तर पहिल्याच पायरीवर परत पाठवतात. ट्विटरवर बँकेला टॅग करून आरडाओरडा केल्याने उत्तर लवकर येतं हे खरं, पण लोकपालासमोर ते तक्रार म्हणून चालेल असं धरून चालू नका, ईमेलच हवा. जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा असतो. तिथे दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

दुसरी फाइल : प्रत्यक्ष कर्ज

वाद चालू असताना लोक सगळंच भरणं थांबवतात. "निकाल लागू दे, मग बघू." हा निर्णय फार महाग पडतो. हिशेब करून बघा. कार्डाचं व्याज महिन्याला ३.५ टक्के धरलं तर १,८०,००० वर ६,३०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४. महिन्याला ७,४३४ नुसते उडाले. किमान रक्कम पाच टक्के म्हणजे ९,००० भरलीत तरी मुद्दल कमी झालं जेमतेम दीड हजाराने. तेच १,८०,००० चौदा टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात वळवले तर तीन वर्षांचा हप्ता येतो सुमारे ६,१५०. म्हणजे कार्डाच्या नुसत्या व्याजापेक्षा कमी, आणि तीन वर्षांनी सुटका. म्हणून बँकेकडे वादाबाहेरची बाकी ईएमआयमध्ये वळवून मागा. खातं अजून नियमित असताना मागा. ९० दिवस थकलं की ते एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं आणि मग कमी व्याजाचं काही मिळणं अवघड.

आता घरच्यांशी थोडं बोलायचं आहे. बाबांनी पीएफमधून काढून एका दिवसात सगळं फेडून टाकणं, हा आपल्याकडचा आवडता उपाय. फेडलं की कार्डाची मर्यादा पुन्हा पूर्ण मोकळी होते. सहा महिन्यांत तेवढंच कर्ज परत उभं राहिलेलं मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. फेडायचंच असेल तर आधी मर्यादा कमी करून घ्या, आणि शेवटचा रुपया भरताच कार्ड बंद करण्याचा अर्ज द्या. तो अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकाली काढला नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड आहे. आईचे दागिने गहाण ठेवून स्वस्त व्याजात कर्ज मिळतं हे खरं, पण खेळणं थांबलंय याची खात्री होईपर्यंत सोन्याला हात लावू नका.

कायद्याने आई-बाप, बायको किंवा भाऊ जामीनदार नसतील तर ते या कर्जाला बांधील नाहीत. बँकेचा वसुली एजंट काहीही म्हणो. एजंटला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मनाई आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर बोभाटा करणं, नातेवाइकांना फोन लावणं, हेही चालत नाही. कॉल रेकॉर्ड करा, तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. एजंटच्या हातात रोख एक पैसाही देऊ नका.

दोन गोष्टी मात्र हलक्यात घेऊ नका. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर थकबाकीपोटी त्यातली शिल्लक वळती करण्याचा हक्क बँक वापरू शकते. आणि ईएमआयचा ऑटो-डेबिट पैसे नसल्यामुळे परत गेला, तर चेक बाउन्ससारखाच फौजदारी खटला होऊ शकतो, २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली. म्हणून हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात रक्कम हवी, किंवा आधीच बँकेशी बोलून तारीख बदलून घ्यायला हवी.

राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरून फाडू नका. जिल्हा न्यायालयात वर्षातून साधारण चार वेळा ती भरते, आणि कोर्टात न पोचलेली बँकांची प्रकरणंही तिथे घेतात. व्याज-दंडात सवलत मागायला ती चांगली जागा आहे. पण तिथला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. परवडणार नाही असा हप्ता गर्दीच्या भरात कबूल करू नका. वकिलाची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

'सेटलमेंट'ची, म्हणजे कमी रकमेत कर्ज मिटवण्याची ऑफर आली की भाव करा, पण रक्कम, तारीख आणि "यानंतर काही बाकी नाही" हे वाक्य बँकेच्या अधिकृत ईमेलवर आल्याशिवाय पैसे टाकू नका. सिबिलवर 'सेटल्ड' लागतं, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढे घरकर्जाच्या वेळी ते आडवं येतं. पूर्ण फेडणं शक्य असेल तर थोडं जास्त गेलं तरी मी पूर्ण फेडायला सांगेन. "तुमचे बुडालेले पैसे परत काढून देतो, आधी फी भरा" असं म्हणणारे फोनही याच काळात येतात. तक्रारदारांना हेरून येणारी ती दुसरी फसवणूक असते.

जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे, म्हणून रिटर्न भरताना आयकराच्या वार्षिक माहितीपत्रकात ॲपने काय दाखवलंय तेही बघून घ्या.

खेळणाऱ्याचं काय

जुगाराचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर दिवसरात्र चालतो, फोन मोफत. इंदूरात एम. वाय. हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगेचं नाव काढलं की घरात "लोक काय म्हणतील" सुरू होतं. तसं असेल तर एम. वाय.ला जा, पण जा. कर्जात बुडालेला मुलगा "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, मी नसलो तर बरं" असं काही बोलला तर ते नाटक समजू नका. त्या रात्री त्याला एकट्याला झोपू देऊ नका आणि लगेच १४४१६ लावा. बँकेची पत्रं दोन दिवस उशिरा गेली तरी चालतील.

घरातल्या घरात एवढं करा : पगार येईल त्या खात्यावर यूपीआय नको, खर्चासाठी वेगळं छोटं खातं आणि त्यात आठवड्याचेच पैसे. हे काही महिने, त्याच्या संमतीने. लपूनछपून फोन तपासलात तर तो दुसरा फोन घेईल.

निकालानंतर

बँकेचं उत्तर आलं, रक्कम परत आली किंवा नाकारली गेली, हप्ते लागले. आता क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चार क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही बघा, कारण चूक एकातच असू शकते. वादात तुमच्या बाजूने लागलेली रक्कम थकबाकी म्हणून दिसत असेल तर ब्युरोच्या साइटवर दुरुस्तीची मागणी टाका आणि बँकेचं निकालपत्र जोडा. तीस दिवसांत दुरुस्त झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. ती आपणहून आली नाही तर मागा. आणि निकालपत्र, नो ड्यूजचा दाखला, १९३० ची पावती यांची एक प्रत काकांकडेही ठेवायला द्या. फायली जपून ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.